‘अंतर्गत बाब’ : चीन, अरब राष्ट्रे आणि मौनाची नीती

आपल्या समाजात चीनचे नाव बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडते ते शिक्षणाच्या संदर्भात. इल्म मिळवण्यासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, या आशयाचे वचन मदरशाच्या जलशापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र ऐकवले जाते. हदीसशास्त्राचे जाणकार या वचनाची सनद दुर्बल मानतात, पण म्हणून त्याची लोकप्रियता काही कमी झालेली नाही. त्या वचनातला चीन म्हणजे जगाचे दुसरे टोक. जिथे आपले कोणी नाही, अशी दूरची जागा.

आता ते टोक दूर राहिलेले नाही. अरब राष्ट्रांचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आज चीन आहे. मार्च २०२३ मध्ये सौदी अरेबिया आणि इराण यांच्यात समेट झाला तो बीजिंगमध्ये. जुलै २०२४ मध्ये फतह, हमास आणि इतर मिळून चौदा पॅलेस्टिनी गट एका कागदावर सह्या करायला बसले, तेही बीजिंगमध्येच. या बातम्या वाचून आपल्यापैकी अनेकांना बरे वाटले. अमेरिकेने इतकी वर्षे जे बिघडवले ते कोणीतरी सांधत आहे, अशी ती भावना होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

परंतु याच चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुर मुसलमानांना लाखोंच्या संख्येने छावण्यांत डांबले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तिथे जे घडले ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकते, असे नमूद केले आहे. आणि ज्या अरब राजधान्यांकडे आपण मोठ्या आशेने पाहतो त्यांनी या बाबतीत चीनची बाजू घेतली. नुसते मौन पाळले असते तर गोष्ट वेगळी होती. मार्च २०१९ मध्ये अबू धाबीत भरलेल्या इस्लामी सहकार्य संघटनेच्या बैठकीने, चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची काळजी घेतो याबद्दल त्याची प्रशंसा केली. जुलै २०१९ मध्ये चीनच्या समर्थनार्थ ३७ देशांनी जे पत्र दिले त्यात सौदी अरेबिया होता, संयुक्त अरब अमिराती होती, इजिप्त आणि पाकिस्तानही होते.

हे असे का होते, याचे राजकीय उत्तर फारसे अवघड नाही. तेल, व्यापार, कर्ज, शस्त्रे. मला त्याच्यापुढचा, नीतीचा प्रश्न अधिक छळतो. ‘ती त्यांची अंतर्गत बाब आहे’ हे वाक्य उच्चारल्याने माणसाची किंवा राष्ट्राची जबाबदारी संपते का?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या पुस्तकाचा आधार घेतो. हाशिम बेहबेहानी हे कुवेतचे आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक. १९५५ ते १९७५ या काळातल्या चीनच्या अरबविषयक धोरणावरचा त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. चीनचे गुणगान किंवा चीनचा बागुलबुवा या दोनच सुरांत जेव्हा या विषयावर बोलले जात होते, तेव्हा एका अरब अभ्यासकाने तीन प्रकरणे निवडली आणि ती बारकाईने तपासली: पॅलेस्टिनी प्रतिकार चळवळ, ओमानमधले बंड आणि कुवेत. एक राज्य नसलेला समाज, दुसरे राज्याविरुद्ध उठलेले लोक आणि तिसरे श्रीमंत छोटे राज्य. या तिघांशी चीन कसा वागला, कधी जवळ आला, कधी दूर गेला? त्यांच्या अभ्यासाचे थोडक्यात सार असे की, अरबांशी चीनचे वागणे हे अरबांकडे पाहून ठरत नव्हते. ते ठरत होते आधी अमेरिकेशी आणि नंतर सोव्हिएत रशियाशी असलेल्या वैराकडे पाहून.

हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहायला हवा. जानेवारी १९५० मध्ये इस्रायलने साम्यवादी चीनला मान्यता दिली. तेव्हा एकाही अरब राष्ट्राने ती दिली नव्हती. चीनने मात्र या मान्यतेला राजनैतिक संबंधांनी उत्तर दिले नाही. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंगला आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची परिषद झाली. चाऊ एन-लाय तिथे जमाल अब्दुल नासेर यांना भेटले. पॅलेस्टिनी अरबांच्या बाजूने बोलले. त्यांच्या शिष्टमंडळात दा पुशेंग नावाचे एक वयोवृद्ध चिनी इमाम होते, ही गोष्ट अरबांच्या नजरेतून सुटली नसणार. ३० मे १९५६ रोजी इजिप्त आणि चीन यांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. अरब देशांतला हा पहिलाच. एकीकडे इस्रायलचे एक मत आणि दुसरीकडे अरबांची अनेक मते. चीनने काय निवडले आणि का, हे सांगायला नको. ती निवड साम्राज्यवादविरोधाच्या भाषेत झाली आणि ती भाषा त्या काळी खोटीही नव्हती. सुएझवर त्याच वर्षी हल्ला झाला.

१९६५ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे नेते अहमद शुकैरी बीजिंगला गेले आणि तिथे संघटनेचे कार्यालय उघडले गेले. पुढे शस्त्रे आली, प्रशिक्षण आले. जगातल्या बड्या राष्ट्रांपैकी पॅलेस्टिनींच्या हातात इतक्या लवकर बंदूक देणारे दुसरे कोणी नव्हते. रशियाही तेव्हा मागे होता. याच चीनने पुढे २४ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले आणि २०२१ पासून हैफाच्या उपसागरातले नवे बंदर शांघायची कंपनी चालवते. दरम्यान नोव्हेंबर १९८८ मध्ये त्याने पॅलेस्टाइनला राष्ट्र म्हणून मान्यताही दिलेली होती. म्हणजे साथ पूर्ण सोडली असेही नाही. दोन्ही दुकाने उघडी ठेवली, इतकेच.

पण बेहबेहानींच्या तीन प्रकरणांपैकी मनाला सर्वांत जास्त टोचणारे प्रकरण ओमानचे आहे. आपल्याकडे मस्कत माहीत आहे, सलाला माहीत आहे. अनेकांचे भाऊबंद तिथे नोकरीला गेले. परंतु सलालाच्या मागे उभ्या असलेल्या धोफारच्या डोंगरांत दहा वर्षे युद्ध चालले होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

सुलतान सईद बिन तैमूर यांच्या राजवटीत १९७० पर्यंत संपूर्ण ओमानमध्ये अवघ्या तीन शाळा होत्या. सलालाच्या राजवाड्यात गुलाम होते. फौजेचे अधिकारी ब्रिटिश होते. धोफारमध्ये १९६५ साली बंड पेटले ते या परिस्थितीतून. सुरुवातीला ते स्थानिक टोळ्यांचे, अरब राष्ट्रवादी वळणाचे बंड होते. १९६७ मध्ये शेजारचा दक्षिण येमेन ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला, त्यामुळे वाट मोकळी झाली. बंडखोरांचे प्रतिनिधी चीनला गेले. १९६८ मध्ये संघटनेने नाव बदलले आणि ध्येय धोफारपुरते न ठेवता संपूर्ण अरबी आखाताच्या मुक्तीचे केले. चिनी शस्त्रे उंटांच्या पाठीवरून डोंगरात येऊ लागली, त्यांच्याबरोबर माओंची लाल पुस्तिकाही आली. ज्या मुलखात मुलींनी शाळा पाहिली नव्हती तिथे मुली बंदूक घेऊन उभ्या राहिल्या आणि अक्षरे गिरवू लागल्या. त्यांच्या निरीश्वरवादी विचारांशी आपले जमण्यासारखे नाही, आणि त्या डोंगरातल्या अनेक श्रद्धाळू लोकांचेही ते जमले नाही. बरेच जण त्याच कारणाने फुटून सुलतानाकडे गेले. तरी मूळचा जुलूम खरा होता आणि तो सोसणारेही खरे होते.

मग काय झाले? २३ जुलै १९७० रोजी ब्रिटिशांच्या मदतीने काबूस यांनी वडिलांना गादीवरून दूर केले. नव्या सुलतानाने शाळा, दवाखाने, रस्ते सुरू केले. हा बंडाचा अप्रत्यक्ष विजयच म्हणायचा. पण चीनची मदत आटत गेली ती ओमानमध्ये सुधारणा झाल्या म्हणून नव्हे. चीनला आता रशियाची भीती अमेरिकेपेक्षा मोठी वाटू लागली होती. आखातात रशियाला रोखणारा जो कोणी असेल तो त्याचा मित्र ठरला आणि तसा सर्वांत बलाढ्य मित्र होता इराणचा शाह. ऑगस्ट १९७१ मध्ये चीन आणि इराण यांचे राजनैतिक संबंध जुळले. १९७३ मध्ये त्याच शाहाचे सैन्य धोफारच्या बंडखोरांना चिरडायला उतरले. तोवर बीजिंगने आपला हात काढून घेतला होता. डिसेंबर १९७५ मध्ये सुलतानाने युद्ध संपल्याचे जाहीर केले. २५ मे १९७८ रोजी चीन आणि ओमान यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. आज ओमानच्या तेलाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक चीनच आहे.

तिसरे प्रकरण कुवेतचे. २२ मार्च १९७१ रोजी कुवेत आणि चीन यांनी एकमेकांना मान्यता दिली. ध्यानात घ्या, डोंगरातले ते बंडखोर आखातातल्या सगळ्या शेख-सुलतानांची सत्ता उलथून टाकण्याची भाषा करत होते आणि तोपर्यंत ती भाषा चीनच्या आशीर्वादाने चालू होती. त्याच वेळी चीन आखातातल्या एका शेखाच्या दरबारात आपला राजदूत पाठवत होता. कुवेतनेही हिशेब केला. ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत चीनची जागा बीजिंगला देण्याचा ठराव आला, तेव्हा कुवेतने बाजूने मत दिले, सौदी अरेबियाने विरुद्ध. अल्जीरिया तर त्या ठरावाच्या सूचकांपैकी होता. म्हणजे अरबही काही भाबडे नव्हते. हे दोन्ही बाजूंनी मांडलेले सोंगट्यांचे पट होते. कौटिल्याला यात नवे काही दिसले नसते.

इथे नियतीचा, म्हणजे हेतूचा प्रश्न येतो. आपल्या परंपरेत कृतीचे मोल नियतीवरून ठरते. मग ज्याची नियत रशियाला शह देण्याची होती त्याने पॅलेस्टिनींना दिलेल्या बंदुकीचे मोल काय? माझे मत असे की, राष्ट्राच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. नियत माणसाला असते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. ते कोणाला शह देण्यासाठी गेले होते, असे कोणी विचारत नाही. राष्ट्राला हृदय नसते, खाती असतात. परराष्ट्र खाते, अर्थ खाते, संरक्षण खाते. म्हणून राष्ट्राची नियत शोधत बसण्यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मदत घेणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरले. दुसरी, मदत करणे महाग पडू लागले तेव्हा तो देश काय वागला. धोफारच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे.

आणि हाच निकष उलट्या बाजूनेही लावला पाहिजे. शिनजियांगबद्दल बोलणे महाग पडते, हे अरब राष्ट्रांच्या ध्यानात आल्यावर ती काय वागली?

यावर दिले जाणारे उत्तर म्हणजे अहस्तक्षेपाचे तत्त्व. या तत्त्वाबद्दल उथळपणे बोलणे बरोबर नाही. ते २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्या करारात पंचशील म्हणून नोंदले गेले, वर्षभरात बांडुंगला पोचले आणि आशिया-आफ्रिकेतल्या दुबळ्या राष्ट्रांनी ते ढालीसारखे हाती धरले. त्यांना त्याची गरज होती. १९५३ मध्ये इराणमध्ये मुसद्दिक यांचे लोकनियुक्त सरकार बाहेरून पाडले गेले होते. २००३ मध्ये इराकवर लोकशाहीच्या नावाने बॉम्ब पडले आणि त्या देशाची जी दशा झाली ती आपण पाहिली. दुसऱ्याच्या घरात शिरण्यासाठी ‘तुमच्या घरात जुलूम चालू आहे’ हे कारण साम्राज्यवाद्यांना नेहमीच सापडत आले आहे. तेव्हा अहस्तक्षेप ही ढोंगी माणसाची पळवाट आहे, असे सरसकट म्हणणाऱ्याने इतिहास वाचलेला नाही.

परंतु ढालीचा एक गुण असा की तिच्यामागे कोण उभे आहे हे तिला कळत नाही. परक्या साम्राज्यापासून वाचू पाहणारा समाज तिच्यामागे उभा राहतो, तसाच आपल्याच प्रजेला छळणारा राज्यकर्ताही उभा राहतो. शिवाय हे तत्त्व पाळतो असे सांगणारे ते खरोखर किती पाळतात, हेही पाहावे. इराण-इराक युद्धात १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे चीन अधिकृतपणे तटस्थ होता. त्याची शस्त्रे मात्र दोन्ही सैन्यांकडे होती. ऑक्टोबर १९८७ मध्ये इराणने डागलेले चिनी बनावटीचे ‘सिल्कवर्म’ क्षेपणास्त्र कुवेतच्या पाण्यात एका तेलवाहू जहाजावर आदळले. आपण इराणला ती थेट विकलीच नाहीत, असे चीनचे म्हणणे होते. ज्या कुवेतशी १९७१ पासून मैत्री, त्याच्याच दारात हे घडले. कोणाच्या भांडणात पडायचे नाही, पण भांडणाऱ्या दोघांना सुरे विकायचे, याला तटस्थता म्हणावे का? आपल्या गल्लीतल्या माणसाने असे केले तर आपण त्याला काय म्हणू?

पुढे ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. चीनने इराकी सैन्य मागे घ्या या ठरावाच्या बाजूने मत दिले, आर्थिक निर्बंधांनाही संमती दिली आणि नोव्हेंबरमध्ये बळाच्या वापराला परवानगी देणाऱ्या ठरावावर तटस्थ राहिला. त्याने नकाराधिकार वापरला नाही म्हणून ठराव मंजूर झाला, त्याने हात वर केला नाही म्हणून रक्ताचा डागही लागला नाही. कोकणातल्या ज्या घरांतले कर्ते पुरुष त्या वेळी कुवेतमध्ये अडकले होते आणि अम्मानमार्गे कसेबसे परतले, त्यांना या मतदानाचा तपशील माहीत असण्याचे कारण नाही. पण तटस्थता ही श्रीमंतांना परवडणारी चैन आहे, हे त्यांनी अनुभवले असेल.

आता २०२२ कडे येऊ. त्या अहवालानंतर ६ ऑक्टोबर २०२२ रोजी जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत एक प्रस्ताव आला. चीनचा निषेध करावा, निर्बंध घालावेत, चौकशी समिती नेमावी, असे त्यात काहीही नव्हते. या अहवालावर पुढच्या बैठकीत चर्चा घ्यावी, एवढेच होते. १७ मते बाजूने, १९ विरुद्ध, ११ तटस्थ. प्रस्ताव पडला. विरुद्ध मत देणाऱ्यांत कतार, संयुक्त अरब अमिराती, पाकिस्तान, इंडोनेशिया होते. मलेशिया आणि लिबिया तटस्थ राहिले. आपला भारतही तटस्थच राहिला. कतारची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१९ च्या त्या पत्रावर त्याची सही होती, महिन्याभरात त्याने ती काढून घेतली, आपल्याला मध्यम भूमिका ठेवायची आहे असे कळवले आणि तीन वर्षांनी चर्चेच्याच विरुद्ध मत दिले.

हस्तक्षेप आणि ऐकून घेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सगळ्या वादाचे मर्म मला इथे दिसते. आणि ते दाखवणारी घटना आपल्या परंपरेत, अगदी आरंभीच्या काळातच घडलेली आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पैगंबरांच्या (स.) सांगण्यावरून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशाला गेले. कुरैशांनी त्यांच्यामागे दोन वकील पाठवले. त्यांतले अम्र बिन आस पुढे स्वतः मुसलमान झाले. वकिलांनी दरबाऱ्यांसाठी आणि राजासाठी उत्तम कमावलेल्या चामड्याचे नजराणे नेले होते. त्यांचे म्हणणे काय होते? ही आमची माणसे आहेत, त्यांचे आम्हाला अधिक कळते, ती आमच्या हवाली करा आणि त्यांचे काही ऐकू नका. आजच्या राजनैतिक भाषेत यालाच ‘अंतर्गत बाब’ म्हणतात. दरबाऱ्यांनी मान डोलावली. नजाशीने नकार दिला. ज्यांनी माझ्या मुलखात आसरा घेतला त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी त्यांना कोणाच्या हवाली करणार नाही, अशी त्याची भूमिका होती. हजरत जाफर (रजि.) उभे राहिले, बोलले. राजाने ऐकले आणि नजराणे परत केले.

नजाशीने मक्केवर फौज पाठवली नाही, हे इथे मुद्दाम लक्षात घ्यावे. कुरैशांशी व्यापार तोडला, असेही इतिहासकार सांगत नाहीत. त्याने हस्तक्षेप केलाच नाही. त्याने फक्त दोन गोष्टी केल्या. दोन्ही बाजू ऐकल्या आणि आसऱ्याला आलेल्याला परत दिले नाही. आणि तो तेव्हा मुसलमान नव्हता, ख्रिस्ती राजा होता. उम्मतचे नाते नसतानाही त्याने हे केले. अरब राजधान्यांकडून आपण उम्मतच्या नावाने फार मोठी अपेक्षा करतो आणि ती पुरी झाली नाही की चिडतो. मोठ्या अपेक्षेची गरजच नाही. नजाशीएवढे केले असते तरी पुरे होते.

या दुसऱ्या गोष्टीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९३१ मध्ये मुहम्मद मा जियान नावाचा एक चिनी मुसलमान तरुण इतर काही विद्यार्थ्यांबरोबर कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकायला गेला. तिथे त्याने कन्फ्यूशियसच्या संवादांचा अरबीत अनुवाद केला. परतल्यावर तो बीजिंगच्या विद्यापीठात अरबीचा प्राध्यापक झाला, चाऊ एन-लाय यांच्यासाठी दुभाषाचे काम केले आणि कुराणाचा चिनी भाषेत अनुवाद केला. तो संपूर्ण अनुवाद त्याच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. बेहबेहानींचे पुस्तक आले तेच वर्ष. चीन आणि अरब यांच्यातला खरा पूल असा एकेका माणसाने बांधलेला आहे. जुलै २०१७ मध्ये त्याच कैरोत पोलिसांनी उइगुर विद्यार्थ्यांना पकडले. त्यांतले कित्येक अल-अझहरचे विद्यार्थी होते. काहींना चीनला जाणाऱ्या विमानात बसवून परत पाठवण्यात आले. इल्मसाठी चीनपर्यंत जा, या वचनाची ही उलटी बाजू. चीनमधून इल्मसाठी आलेल्याला हवाली करणे हा अहस्तक्षेप कसा? दुसऱ्याच्या घरातल्या बाबीत हात न घालणे एक आणि त्या घरातून पळून आलेल्याचा हात धरून त्याला पुन्हा आत ढकलणे दुसरे.

कोणी म्हणेल, गाझावर बॉम्ब पडत असताना अरबांकडे बोट कशाला दाखवता? पाश्चात्त्यांचे दोन तराजू दिसत नाहीत का? दिसतात. २०१९ आणि २०२२ मध्ये उइगुरांसाठी गळा काढणाऱ्या कित्येक सरकारांनी ऑक्टोबर २०२३ नंतर गाझात जे चालले त्याला शस्त्रे पुरवली. त्यांची उइगुरांबद्दलची कळवळ चीनशी असलेल्या वैरातून आली होती, हेही खरे. धोफारबद्दलची चीनची कळवळ ब्रिटिशांशी आणि अमेरिकेशी असलेल्या वैरातून आली होती, अगदी तशीच. पण खोट्या साक्षीदाराने खरे सांगितले म्हणून ते खोटे ठरत नाही. आणि पलीकडच्याने तराजूत पासंग ठेवला म्हणून आपणही ठेवावा, हा न्याय बाजारात चालतो, कुराणाने न्यायाची जी कसोटी सांगितली आहे तीत बसत नाही. स्वतःच्या, आईबापांच्या, नातेवाइकांच्या विरुद्ध जात असली तरी गवाही खरीच द्या, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचाही नाही. जून २०२२ मध्ये आपल्या देशातल्या सत्ताधारी पक्षाच्या एका प्रवक्त्याने पैगंबरांविषयी (स.) अनुचित उद्गार काढले. ५ जूनला कतार, कुवेत आणि इराण यांनी भारताच्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. त्याच दिवशी पक्षाने प्रवक्त्याला निलंबित केले. आपल्यापैकी पुष्कळांना समाधान वाटले. पण शांतपणे विचार करायला हवा. तिथे कोणी अंतर्गत बाब म्हटले नाही, कारण भावनेचा प्रश्न होता आणि बोलणे फारसे महाग पडणार नव्हते. चार महिन्यांनी जिनिव्हात तोच कतार चर्चासुद्धा नको म्हणाला. पैगंबरांच्या सन्मानासाठी बोलणारे राष्ट्र पैगंबरांच्या अनुयायांच्या छावण्यांबद्दल बोलत नसेल, तर त्या बोलण्याचा आधार आपण कितपत मानायचा? आपले प्रश्न आपल्याला आपल्याच संविधानाच्या आणि आपल्याच देशबांधवांच्या साथीने सोडवायचे आहेत. आखातातल्या राजवाड्यांच्या भरवशावर ज्यांनी आपल्या लढ्याची मांडणी केली त्यांचे काय होते, ते धोफारच्या लोकांना विचारावे. त्यांचा भरवसा बीजिंगवर होता, एवढाच काय तो फरक.

मात्र लाचारीचे समर्थनही मला पूर्ण पटत नाही. छोट्या राष्ट्रांना पर्याय नसतो, असे म्हटले जाते. त्या ६ ऑक्टोबरच्या मतदानात मुस्लिमबहुल देशांपैकी एकाने चर्चेच्या बाजूने मत दिले. तो देश सोमालिया. दुष्काळ, यादवी आणि दारिद्र्य यांनी पिळून निघालेला. शिवाय त्याच्यापासून फुटून निघालेल्या सोमालीलँडने २०२० मध्ये तैवानशी संबंध जोडले होते, त्यामुळे देशाच्या अखंडतेसाठी सोमालियाला बीजिंगच्या पाठिंब्याची गरज इतरांहून जास्तच होती. कतारकडे वायू होता, अमिरातीकडे तेल आणि बंदरे होती. सोमालियाकडे त्या दिवशी एक मत होते. ते त्याने, ऐकून घ्या, या बाजूने टाकले.